४के बॉक्स आणला, तरी चित्र तसंच का? सेट-टॉप बॉक्स, अल्ट्रा एचडी आणि एचडीआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या खान्देशात कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आले की घरात नवा टीव्ही येतो. नाहीतर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी येतो, लेकी माहेरी यायच्या असतात म्हणून. टीव्ही ४३ किंवा ५५ इंची, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के अल्ट्रा एचडी एचडीआर’. चार दिवस जातात आणि मला फोन येतो: “भाऊ, चित्र तर जुन्यासारखंच दिसतं. बॉक्स बदलून पाहू का?”

जळगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यात टीव्ही, डिश आणि बॉक्स जोडून देणं हे माझं रोजचं काम. असे फोन इतके येतात की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. बहुतेक घरांत बॉक्स चांगला असतो आणि टीव्हीही चांगला असतो, दोघांचं एकमेकांशी जुळलेलं नसतं इतकंच. तेवढ्यासाठी लोक पुन्हा खिशात हात घालतात, ते मला बघवत नाही.

४के, अल्ट्रा एचडी, यूएचडी हे तीन वेगळे प्रकार आहेत का?

नाहीत. टीव्हीच्या बाजारात तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत: आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०.७ लाख ठिपके असतात, त्याच्या बरोबर चौपट. थिएटरमधलं ४के थोडं रुंद, ४०९६ ठिपक्यांचं असतं, पण घरच्या टीव्हीशी त्याचा संबंध नाही. ‘एचडी रेडी’ लिहिलेले ३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ गुणिले ७६८ चे असतात.

मग एचडीआर काय असतं?

४के म्हणजे ठिपके किती, आणि एचडीआर म्हणजे एकेका ठिपक्यात उजेड आणि रंग किती. दोन्ही अगदी स्वतंत्र गोष्टी आहेत.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, रात्रीचं उदाहरण घ्या. खोलीतले दिवे मालवलेत, आरतीच्या ताटात निरांजन आहे, मागे कानबाईला नेसवलेली हिरवी साडी. साध्या चित्रीकरणात ज्योत म्हणजे पांढरा डाग, वात दिसतच नाही. साडी काळपट होते आणि जरीच्या घड्या गायब. तेच एचडीआरमध्ये चांगल्या टीव्हीवर पाहिलं तर ज्योतीचा तळ निळसर, मधला भाग पिवळा आणि टोक झळझळीत दिसतं, आणि त्याच वेळी मागच्या घड्यांवरची जरही चमकते. डोळ्याला प्रत्यक्षात जसं दिसतं त्याच्या पुष्कळ जवळ.

आता आकडे. उजेड मोजायचं माप निट. जुन्या पद्धतीचं चित्र स्टुडिओत १०० निट धरून तयार होतं. एचडीआरचे सिनेमे साधारण १००० किंवा ४००० निटपर्यंत रंगवले जातात आणि या पद्धतीची मोजपट्टी १०,००० निटपर्यंत जाते. रंगांचंही तसंच. ८ बिटच्या चित्रात सुमारे १ कोटी ६८ लाख छटा मावतात, १० बिटमध्ये १०७ कोटी. तापीच्या पुलावरून सूर्य मावळताना आभाळ केशरीतून जांभळं होतं ना, तिथे ८ बिटमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखे पट्टे पडतात. १० बिटमध्ये एक रंग दुसऱ्यात अलगद मिसळतो.

फरक जास्त कशाने पडतो, ४केने की एचडीआरने?

माझं उत्तर नेहमी एकच: एचडीआरने. कारण सांगतो. निरोगी डोळ्याला ठिपके वेगळे ओळखता येण्याची एक मर्यादा असते. हिशेब केला तर ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पुढून वेगळे दिसत नाहीत, ५५ इंचीचे सात फुटांच्या पुढून. आपल्याकडे बैठकीत टीव्ही एका भिंतीला आणि पलंग समोरच्या भिंतीला, मधे दहा-बारा फूट. तिथून ४केचे जास्तीचे ठिपके डोळ्यापर्यंत फारसे पोचतच नाहीत. उजेड आणि रंग मात्र बारा फुटांवरूनही दिसतात, ओसरीतूनही दिसतात. म्हणून टीव्ही किंवा बॉक्स घेताना ‘४के आहे का’ एवढंच विचारून थांबू नका.

एचडीआर१०, एचडीआर१०+, डॉल्बी व्हिजन, एचएलजी: यातलं कोणतं पाहिजे?

एचडीआर१० हा पाया. एचडीआरचं नाव लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीत आणि बॉक्समध्ये तो असतो. यात सिनेमाच्या सुरुवातीला एकदाच माहिती पाठवली जाते: सगळ्यात उजळ भाग इतका, सरासरी इतकी. त्या एका मापावर टीव्ही पूर्ण सिनेमा दाखवतो.

डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये ही माहिती दृश्यागणिक बदलते. अंधाऱ्या प्रसंगासाठी वेगळी, भर उन्हातल्या प्रसंगासाठी वेगळी. टीव्ही मध्यम उजेडाचा असेल तर याचा फायदा खरोखर जाणवतो. मात्र दोन्ही टोकांना तोच प्रकार लागतो. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, त्यामुळे त्याला डॉल्बी व्हिजनचा बॉक्स जोडला तर चित्र एचडीआर१० मध्ये दिसेल. बिघाड समजू नका.

एचएलजी हे बीबीसी आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थांनी मिळून तयार केलं, खास थेट प्रक्षेपणासाठी. त्यात वेगळी माहिती पाठवावीच लागत नाही आणि तेच प्रक्षेपण जुन्या टीव्हीवरही बरं दिसतं. डिशवरून किंवा केबलवरून एचडीआर सामना येतो तेव्हा तो या प्रकारात येण्याची शक्यता असते, म्हणून बॉक्समध्ये एचएलजी असलेलं बरं.

बॉक्सवर ‘४के’ छापलंय, म्हणजे एचडीआर आलंच ना?

अजिबात नाही, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आपल्याकडे डीटीएचवर ४के बॉक्स आले, काही सामनेही ४केमध्ये दिसले. एचडीआरसाठी लागणारी एचडीएमआयची (बॉक्स आणि टीव्ही जोडणाऱ्या वायर-पोर्टची) सुधारणा, म्हणजे २.०ए, ही त्याच वर्षी जाहीर झाली, आणि एचएलजीची २.०बी त्यानंतर २०१६ मध्ये. त्या पहिल्या पिढीच्या बॉक्सकडून एचडीआरची अपेक्षा ठेवू नका. असे बॉक्स अजून घराघरांत आहेत, हातोहात विकलेही जातात.

खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. ‘एचडीआर१०’ हा शब्द स्वतंत्रपणे दिसला पाहिजे. ‘एचईव्हीसी’ किंवा ‘एच.२६५’ (चित्र दाबून पाठवायची पद्धत) आणि त्यापुढे ‘१० बिट’ पाहिजे. एचडीएमआय २.०ए किंवा त्यापुढचं पाहिजे आणि एचडीसीपी २.२ (कार्यक्रमाचं डिजिटल कुलूप, पुढे सांगतो) पाहिजे. यातलं काहीच छापलेलं नसेल तर दुकानदाराला मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपानावर दाखवायला सांगा. तोंडी ‘असतं हो सगळ्यात’ वर विश्वास ठेवू नका.

टीव्हीही ४के, बॉक्सही ४के. तरी ४के एचडीआर का लागत नाही?

केळीच्या बागेतलं ठिबक डोळ्यासमोर आणा. विहिरीला पाणी भरपूर, मोटर पाच हॉर्सपॉवरची, पण फिल्टर चोंदला असेल तर शेवटच्या खोडाला थेंबही मिळत नाही. नव्या मोटरने त्यात काही फरक पडत नाही, फिल्टरच साफ करावा लागतो. चित्रही असंच सहा-सात टप्प्यांतून येतं: कार्यक्रम, ॲपचा प्लॅन, इंटरनेट किंवा डिश, बॉक्स, केबल, टीव्हीचं पोर्ट आणि टीव्हीचं सेटिंग. यातला एक टप्पा जरी एचडीचा असला तरी शेवटी एचडीच दिसणार. शोध टीव्हीच्या टोकाकडून सुरू करा, कारण बहुतेक वेळा अडचण तिथेच सापडते आणि ती फुकटात सुटते.

अमळनेरजवळच्या एका गावातल्या गुरुजींच्या घरची गोष्ट. ५५ इंची टीव्ही, तीन महिन्यांत तिसरा बॉक्स. ज्याच्याकडून घेतला तो प्रत्येक वेळी बॉक्समध्येच खोट काढायचा. मी टीव्ही भिंतीपासून थोडा ओढला आणि मोबाइलच्या उजेडात मागे पाहिलं. बॉक्सची वायर एचडीएमआय ३ मध्ये होती. २ क्रमांकाच्या पोर्टशेजारी तांदळाएवढ्या अक्षरात ‘४के ६० हर्ट्झ’ (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) लिहिलेलं, तिसऱ्याशेजारी काहीच नाही. काही टीव्हींच्या सगळ्या पोर्टना सारखी ताकद नसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वायर दोनमध्ये लावली आणि टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचं सेटिंग वाढवलं. बॉक्स बंद करून चालू केला आणि जंगलावरचा एक कार्यक्रम लावला. कोपऱ्यात ‘एचडीआर’ अशी पट्टी दोन सेकंद उमटून गेली. वाळल्या गवतात वाघ बसलेला. गुरुजींची आई खाटेवरून पुढे सरकली आणि म्हणाली, “आते दिसनात भाऊ, वाघना पट्टा.” आधीच्या दोन बॉक्सचे पैसे काही परत आले नाहीत.

ते सेटिंग टीव्हीगणिक वेगळ्या नावाने असतं. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, जुन्या मॉडेलवर ‘एचडीएमआय यूएचडी कलर’. एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’. सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये जाऊन ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ निवडायचं. बाकी अनेक टीव्हींवर पोर्टसाठी एचडीएमआय १.४ की २.० असा पर्याय असतो, तिथे २.० करायचं. कारखान्यातून टीव्ही येतो तेव्हा हे पुष्कळदा कमीवर ठेवलेलं असतं, जुनी उपकरणं अडू नयेत म्हणून.

पडदा काळाच राहतो, आवाज मात्र येतो. बॉक्स गेला का?

लगेच तसं समजू नका. ४के कार्यक्रमांना एचडीसीपी २.२ नावाचं डिजिटल कुलूप असतं. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वाटेत जे जे येतं त्या प्रत्येकाकडे त्याची किल्ली लागते. एखादं पोर्ट, स्प्लिटर (एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना देणारा) किंवा जुना साउंडबार त्यात बसत नसेल तर चित्र थेट फुल एचडीवर उतरतं किंवा पडदा काळा होतो. मधलं सगळं काढा आणि बॉक्स सरळ टीव्हीला जोडून बघा. चित्र आलं तर दोष मधल्या वस्तूत.

महागडी एचडीएमआय केबल घ्यावी का?

एक-दोन मीटरसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली साधी केबल भरपूर झाली. ती सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेते आणि ४के एचडीआरला तेवढं पुरतं. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिटची, ती गेमिंगवाल्यांसाठी. टोकाला सोन्याचा मुलामा असला तर गंज लागत नाही, चित्रात मात्र त्याने काही फरक पडत नाही.

खरी पंचाईत भिंतीत गाडलेल्या केबलची. बांधकामाच्या वेळी दहा-दहा मीटर केबल टाकून वर प्लास्टर केलेलं असतं. फुल एचडीला ती निमूट चालते. ४के एचडीआर लावलं की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर चित्र मिनिटाला एकदा जाऊन येतं. नवं घर बांधत असाल तर भिंतीत केबलऐवजी रुंद पाइप टाकून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलता येईल.

डिशवर मराठी मालिका ४केमध्ये का दिसत नाहीत?

कारण त्या तशा प्रसारितच होत नाहीत. मराठी वाहिन्या एसडी (एचडीच्या खालचा साधा दर्जा) आणि एचडीत आहेत. बॉक्स आणि टीव्ही ते चित्र ताणून ४केच्या पडद्यावर बसवतात, त्याला अपस्केलिंग म्हणतात. ताणल्याने नवा तपशील तयार होत नाही. एसडी वाहिनी ५५ इंचीवर लावली तर ती जुन्या २१ इंची डब्यापेक्षा वाईट वाटते, कारण तेवढेच ठिपके मोठ्या पडद्यावर पसरलेले असतात. तुमच्या वाहिनीची एचडी आवृत्ती पॅकमध्ये असेल तर आधी ती लावा. मालिका बघणाऱ्या घरासाठी तो फरक ४के बॉक्सपेक्षा मोठा आहे.

आज बॉक्समधून खरं ४के एचडीआर येतं ते मुख्यतः इंटरनेटवरच्या ॲपमधून. म्हणून निव्वळ डिश बघणाऱ्या माणसाला मी हायब्रिड (डिश आणि इंटरनेट दोन्ही चालणारा) बॉक्स घ्यायला लावत नाही.

फ्री डिशच्या बॉक्सवर ४के मिळेल?

नाही.

इंटरनेट किती लागतं?

नेटफ्लिक्स ४केसाठी निदान १५ एमबीपीएस सांगतं. घरात दोन-तीन मोबाइलही चालू असतात, हे धरून मी ३० च्या खाली समाधान मानत नाही. डेटा तासाला ७ जीबीपर्यंत जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे २ जीबी असतील तर पाऊण तासाचा एक भागही पुरा होत नाही, सतरा मिनिटांत संपतात. शिवाय नेटफ्लिक्सवर ४के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे. खालच्या प्लॅनवर बॉक्स कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

गावाकडे धाब्याची घरं, दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंती. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मागच्या खोलीत असेल तर वायफाय त्या भिंतीतच अडकतं. अशा वेळी लॅन केबल ओढा. बॉक्सचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी ४केला ते पुष्कळ आहे.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स चालेल का? त्यावर ‘८के’ लिहिलंय.

सांभाळून. मोठी ओटीटी ॲप बॉक्सचं प्रमाणपत्र तपासतात. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन नावाची सुरक्षा करते. एल१ पातळी असेल तरच एचडी आणि ४के उघडतं. एल३ असेल तर चित्र साधारणपणे एसडीवरच अडतं, मग खोक्यावर ८के लिहिलेलं का असेना. नेटफ्लिक्सला यावर स्वतःची वेगळी मान्यताही लागते. बॉक्स परत करण्याची मुदत संपायच्या आत एखादं ॲप लावून, चित्र कोणत्या दर्जाचं येतं ते स्वतः बघा.

एचडीआर चालू केलं की चित्र उलट अंधारतं. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नसतं. खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिण्यासाठी टीव्हीने तो सिग्नल नुसता ओळखला तरी भागतं, तेवढा उजेड पाडावाच लागतो असं नाही. कमी किमतीचे बरेच टीव्ही २५० ते ३५० निटपर्यंतच जातात. यूएचडी अलायन्सने २०१६ मध्ये ‘अल्ट्रा एचडी प्रीमियम’ हा शिक्का ठरवला तेव्हा एलईडी टीव्हीसाठी १००० निटची आणि ओएलईडीसाठी ५४० निटची अट घातली होती. यावरून अंतर लक्षात यावं. १००० निटचं दृश्य ३०० निटच्या टीव्हीत बसवायचं तर बाकीचं चित्र खाली दाबावं लागतं, म्हणून ते अंधारं वाटतं.

त्यात आपली घरं. भर दुपारी पुढचं दार सताड उघडं, अंगणातलं ऊन थेट पडद्यावर. साध्या चित्रात टीव्ही बॅकलाइट वाढवून निभावून नेतो. एचडीआरमध्ये तो आधीच पूर्ण चढलेला असतो, वाढवायला जागाच उरत नाही.

उपाय क्रमाने करा. वीजबचतीचं ‘इको’ सेटिंग आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर बंद करा, बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम होतं. मग एचडीआर कार्यक्रम चालू असतानाच बॅकलाइट शंभरावर आहे का बघा, कारण एचडीआरची चित्र-सेटिंग वेगळी साठवलेली असतात. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ (दृश्यागणिक उजेड जुळवणारं सेटिंग) असेल तर लावा. दार ओढा, पडदा टाका. एवढं करूनही समाधान नसेल तर बॉक्सच्या मेनूतून एचडीआर बंद करा आणि ४के तेवढं चालू ठेवा. यात कमीपणा काही नाही. ३०० निटच्या टीव्हीवर नीट बसलेलं साधं चित्र हे ओढूनताणून लावलेल्या एचडीआरपेक्षा डोळ्याला बरं.

बातम्या बघताना चेहरे लालभडक किंवा फिके का दिसतात?

बॉक्स ‘नेहमी एचडीआर’ वर ठेवलेला असेल. मग तो साधी वाहिनीही जबरदस्तीने एचडीआरमध्ये बदलून पाठवतो आणि रंग बिघडतात. मेनूत ‘मॅच कंटेंट’ किंवा ‘ऑटो’ असा पर्याय शोधा, म्हणजे जसा कार्यक्रम तसा सिग्नल जाईल. प्रकार बदलताना पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो, ते ठीक आहे.

पेनड्राइव्हवरच्या सिनेमात चेहरे हिरवे आणि जांभळे दिसत असतील तर कारण निराळं. ती डॉल्बी व्हिजनची फाइल असते आणि तुमच्या बॉक्सला तो प्रकार उलगडता येत नाही. सेटिंग बदलून हे सुटत नाही.

सामन्यात चेंडू अडखळत जातो, बॉक्स हळू आहे का?

आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या लयीत चालतं. बॉक्स ६० हर्ट्झवर अडकवलेला असेल तर दर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवली जातात आणि कॅमेरा सीमारेषेकडे फिरला की झटके जाणवतात. डिश बघताना ५० हर्ट्झ करा. सिनेमे २४ चे असतात, त्यासाठी बॉक्समध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ असेल तर चालू ठेवा. आणखी एक. एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झ, १० बिट आणि ४:४:४ (रंगाचा पूर्ण तपशील) हे तिन्ही एकत्र मावत नाही. मेनूत ४:४:४ निवडलं असेल तर ४:२:२ किंवा ४:२:० करा. दोन-अडीच मीटरवरूनही फरक दिसणार नाही, आणि एचडीआर मात्र सुरू होईल.

लाइट जाऊन आली की ४के गायब होतं.

टीव्ही आणि बॉक्स चालू होताना एकमेकांची ओळख करून घेतात. टीव्ही सांगतो, मला इतके ठिपके दाखवता येतात, हे रंग येतात. लाइट आल्या आल्या बॉक्स जागा होतो, टीव्ही मात्र झोपलेलाच असतो. बॉक्सला समोरून उत्तर मिळत नाही, मग तो कमी दर्जा धरून बसतो. आधी टीव्ही चालू करा, तो पूर्ण उघडला की बॉक्स. तरी नाही आलं तर एचडीएमआयची वायर एकदा काढून लावा. आमच्याकडे खेड्यांत विजेचा दाब वरखाली होतो, त्यामुळे बॉक्स आणि टीव्ही दोन्ही एकाच स्टॅबिलायझरवर ठेवलेले बरे.

एका बॉक्सवर दोन टीव्ही चालवतो. चालेल ना?

चालतं, पण साधा स्प्लिटर दोघांत जो टीव्ही कमी ताकदीचा त्याचंच ऐकतो. आतल्या खोलीत ३२ इंची एचडी रेडी असेल तर बाहेरच्या ५५ इंचीलाही कमी दर्जाचंच चित्र जाणार.

लग्नाची ४के शूटिंग पेनड्राइव्हवर मिळाली. बॉक्स ती उघडत नाही.

आधी पेनड्राइव्ह कसा फॉरमॅट केलाय ते बघा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून शूटिंगवाले एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून देतात आणि बऱ्याच बॉक्सना ते वाचता येत नाही. तोच पेनड्राइव्ह बॉक्सऐवजी टीव्हीच्या यूएसबीत लावून पाहा, पुष्कळदा तिथे चालतो. तिथेही अडला तर शूटिंगवाल्याकडून एच.२६५ मध्ये, कमी बिटरेटची दुसरी प्रत मागून घ्या. मूळ फाइल मात्र पुसू देऊ नका. हळदीतला तो पिवळा रंग पुढे चांगल्या टीव्हीवर बघायचा असेल तर मूळच लागेल.

उन्हाळ्यात बॉक्स मधेच बंद पडतो.

४के एच.२६५ उलगडताना बॉक्सची चिप मुळातच तापते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. मी कितीतरी घरी बॉक्सवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी बघितली आहे. वहिनींनी प्रेमाने विणलेला असतो, पण हवा जायची छिद्रं त्याखालीच झाकली जातात. रुमाल टीव्हीखालच्या टेबलावर अंथरा. बॉक्स मोकळा ठेवा, बंद शोकेसमध्ये नको आणि इन्व्हर्टरजवळ तर नकोच.

टीव्ही जुना फुल एचडी आहे. ४के बॉक्स घेतला तर वाया जाईल का?

चालेल. बॉक्स चित्र लहान करून १०८० मध्ये पाठवतो आणि एचडीआरचं साध्यात रूपांतर करतो. वर्ष-दोन वर्षांत टीव्ही बदलायचा असेल तर घ्या, नाहीतर थांबा.

दुकानात जाऊन नेमकं काय तपासू?

दुकानातला टीव्ही ‘शोरूम’ मोडवर असतो, आणि कंपनीची ती फुलांची, पोपटांची फीत कुठल्याही टीव्हीवर छानच दिसते. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, घरचा बॉक्स आणि त्याची केबल पिशवीत घालून न्या. दुकानदाराला मोड ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करायला सांगा आणि तुमच्याच बॉक्सवरून रात्रीचा प्रसंग असलेला एखादा एचडीआर कार्यक्रम लावा. कोपऱ्यात एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनची पट्टी उमटते का बघा, नाही दिसली तर रिमोटचं ‘इन्फो’ बटण दाबा. मग अंधारातल्या माणसाचे केस आणि मागची भिंत वेगळी ओळखू येते का ते पाहा, दिव्याभोवती पांढरं धुकं पसरतं का ते पाहा. हे सगळं दहा फूट मागे उभं राहून करा, कारण घरी तुम्ही तिथूनच बघणार आहात.